माळढोकाचे ओझे कोणी वाहावे?



तुळजापूरचा घाट उतरून सोलापुराकडे जाताना जो उघडा माळ लागतो, त्यास आपण सहज पडीक म्हणतो. परंतु त्या एका शब्दात एक निवाडा दडलेला आहे. तो असा की, जे नांगराखाली येत नाही ते कोणाच्याच कामाचे नाही. हा निवाडा खरा नव्हे. पवन्या, मारवेल व कुसळी ह्या गवतांच्या आश्रयाने तेथे काळवीट चरते, लांडगा आपली पिले वाढवितो, चंडोल भुईवर घरटे करितो. आणि माळढोक हा थोर पक्षीही अशाच माळांचा रहिवासी होय. ह्याचा नर सुमारे मीटरभर उंच व वजनाने १५ किलोपर्यंत भरतो. मादी बहुधा एकच अंडे घालते, आणि तेही उघड्या जमिनीवर. टोळ व भुंगेरे खाऊन हा पक्षी शेतकऱ्याचे हितच करितो.

२०११ साली ह्या पक्ष्याची गणना जगातील अत्यंत संकटग्रस्त जातींत झाली. आता सर्व मिळून दीडशेदेखील उरले नसावेत असा अंदाज आहे, व त्यांपैकी बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे आहेत. आपल्या शेजारच्या नान्नज येथे तो क्वचितच दृष्टीस पडतो.

आता प्रश्न असा की, ही हानी भरून काढण्याचे ओझे कोणी वाहावे?

१९७९ साली सोलापूर व अहमदनगर (हल्लीचे अहिल्यानगर) ह्या जिल्ह्यांत माळढोकासाठी अभयारण्य स्थापन झाले. त्याचा विस्तार सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होता. हेतू चांगला होता. परंतु त्या सीमेत शेतकऱ्यांची घरेदारे व शेतेही सापडली, आणि जमिनीच्या व्यवहारांस व बांधकामांस अडथळे येऊ लागले. ज्याच्या शेतात पक्षी उतरावयाचा, त्यासच तो वैरी वाटू लागला. शेवटी २०१२ साली ते क्षेत्र कमी करून सुमारे १२२२ चौरस किलोमीटर ठेविले गेले. ह्यावरून एक गोष्ट शिकावी. सर्व देशाच्या ठेव्याची किंमत एकट्या गरिबाकडून वसूल केली, तर ठेवाही राहत नाही व न्यायही राहत नाही.

ह्याच्या उलट उदाहरण राजस्थानात दिसते. सूर्याच्या प्रकाशापासून वीज करणे सर्व जगास हितकारक आहे, कारण कोळशाच्या धुराने हवामान बिघडत चालले आहे. परंतु त्या विजेच्या तारा माळावरून जातात. माळढोक जड असतो, त्यास समोरचे नीट दिसत नाही, आणि तो तारांवर आदळून मरतो. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून नेण्याची आज्ञा केली. २०२४ साली ती सरसकट आज्ञा मागे घेऊन तज्ज्ञांची समिती नेमिली. वीज वाईट नव्हे, पक्षीही वाईट नव्हे. जगास जे हितकारक, ते एखाद्या माळास घातक होऊ शकते, एवढेच ह्यातून दिसते. झाडे लावण्याचेही तसेच आहे. डोंगरउतारावर ते पुण्यकर्म खरे. परंतु गवताळ माळावर गिरिपुष्पाची दाटी केली, तर माळावरील जीव आपल्या घरास मुकतात.

कोणी म्हणेल, "आम्ही हातावर पोट असणारी माणसे; आमच्या एका बांधाने काय होणार?" ह्या बोलण्यात अर्धे सत्य आहे. तारांचा मार्ग गाव ठरवीत नाही. तो सरकारने व कंपन्यांनी ठरवावयाचा. २०२२ साली मॉन्ट्रियल येथे राष्ट्रांनी २०३० पर्यंत पृथ्वीवरील ३० टक्के जमीन व समुद्र राखण्याचा संकल्प केला. तो पाळणे राष्ट्रांच्या हाती आहे. परंतु कोणता माळ नांगरावा, कोणते औषध किती फवारावे, पावसाळ्यात पक्षी अंड्यांवर असताना कुत्री मोकळी सोडावी की नाही, हे मुंबईत किंवा दिल्लीत ठरत नाही. ते आपल्याच हाती आहे. म्हणून आम्ही असे म्हणतो की, ज्याचा हात जेथवर पोहोचतो तेथवर त्याचे कर्तव्य, आणि ज्याची थैली जितकी मोठी तितका त्याचा खर्चाचा वाटा.

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची, व गावातील झाडे, गवते, पशुपक्षी ह्यांची नोंदवही ठेवावयाची. आपल्या गावची ही नोंदवही कोठे आहे, हे आपण ग्रामसभेत विचारावे. ती नुसती कपाटात पडली असेल, तर म्हाताऱ्या गुराख्यांस बोलावून त्यांच्या तोंडून गवतांची व पाखरांची नावे तीत लिहून घ्यावी. आणि माळ राखण्यात ज्याचे नुकसान होईल त्यास भरपाई मिळावी, हेही त्याच सभेत निर्भयपणे मागावे.

आपण ह्या माळाचे धनी नसून कारभारी आहो. धन्याने हिशोब मागितल्यास, शेजाऱ्याने अधिक गमाविले हे उत्तर पुरे होणार नाही. आपल्या हाती किती होते व त्याचे आपण काय केले, एवढेच आपणांस विचारले जाईल.