लगाम आणि खरारा

गीतेच्या पोथीवरील चार शुभ्र अश्वांचा रथ आणि लगाम धरलेले भगवंत आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. त्यामुळे सारथ्य म्हणजे लगाम धरणे, असा समज आपल्या मनात दृढ झाला आहे. महाभारतकारांना एवढेच अभिप्रेत नव्हते. द्रोणपर्वातील जयद्रथवधाचा दिवस आठवावा. सूर्यास्तापूर्वी प्रतिज्ञा पुरी व्हावयाची आहे, जयद्रथ अद्याप दूर आहे, आणि घोडे बाणांनी विद्ध होऊन थकले आहेत. अशा वेळी भर रणांगणात रथ थांबतो. अर्जुन पायउतार होऊन शत्रुसैन्य थोपवितो, अस्त्राने भूमी भेदून जलाशय निर्माण करतो, बाणांचेच घर उभारतो. आणि श्रीकृष्ण घोडे सोडून, त्यांच्या अंगात रुतलेले बाण स्वहस्ते काढून, त्यांना चोळून, पाणी पाजून, विसावा देऊन मग पुन्हा रथास जोडतात. हे काम एखाद्या मोतद्दारावर सोपविलेले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

लगाम धरण्याचा अधिकार कशाने प्राप्त होतो, हा प्रश्न या कथेतून उभा राहतो. मुलांना घोडेस्वारी शिकविणाऱ्या मंडळांनी त्याचे जे उत्तर कृतीने दिले आहे, ते गृहस्थाश्रमी वाचकांनी पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये १९२९ साली मुलांसाठी ‘पोनी क्लब’ निघाला. त्याच धर्तीवर १९५४ साली अमेरिकेतही संस्था स्थापन झाली. आपल्याकडे राष्ट्रीय छात्र सेनेत, पशुवैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न अश्वपथकांतून मुलामुलींना हेच शिक्षण मिळते. या क्लबांत मुलाची पात्रता केवळ दौडीवरून ठरत नाही. अमेरिकेतील क्लबांच्या मेळाव्यांत तबेल्याची स्वच्छता, दाणापाणी, खोगिराची निगा यांनाही गुण असतात, आणि त्या वेळी आईबापांनी मदतीचा हात पुढे करावयाचा नाही असा नियम असतो. (आपल्या घरी मुलाचे दप्तरदेखील आई भरते!)

ही सेवा दिसते तेवढी सोपी नाही. खुरात अडकलेला खडा काढताना आकडी टाचेकडून पुढे न्यावी लागते, नाही तर तळव्यातील मऊ भाग दुखावतो. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान असते. म्हणून चारा थोडा थोडा, पण वारंवार द्यावा लागतो. त्यातही त्याला वांती होत नाही. भलते काही पोटात गेले, किंवा दाण्याची कोठी उघडी राहून त्याने वाजवीपेक्षा अधिक खाल्ले, तर ते उलटून पडत नाही; पोटशूळ उठतो आणि प्रसंगी प्राणावर बेततो. कोठी लावावयास आपण विसरलो, तर वेदना दुसऱ्याला होतात, आणि तो दुसरा बोलू शकत नाही, हे बारा वर्षांच्या मुलाला येथे कळते. कर्तव्यावरील शंभर व्याख्यानांनी हे साधेल, असे मला वाटत नाही.

कोणी आक्षेप घेईल की, मुक्या प्राण्याच्या तोंडात लोखंड घालून पाठीवर बसणे हीच मुळी हिंसा नव्हे काय? आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. घोड्याने आपली संमती दिलेली नाही, हे खरेच आहे. परंतु म्हणूनच घेणाऱ्यावरील ऋण वाढते. गाईचे दूध घेणाऱ्या आणि बैलाकडून नांगर ओढविणाऱ्या समाजाला या प्रश्नातून अंग काढून घेता येणार नाही. जो केवळ बसतो आणि उतरल्यावर पाठ फिरवितो, त्याच्या बाबतीत आक्षेप पुरतेपणी लागू होतो.

कठोपनिषदाने इंद्रियांना घोडे आणि मनाला लगाम म्हटले आहे. हे रूपक आपण बहुधा दमनाच्या अर्थानेच घेतो. ज्याने तबेल्यात काम केले आहे त्याला त्यात आणखीही काही दिसेल. उपाशी, कासणीखाली जखम झालेला घोडा कितीही लगाम खेचला तरी सरळ चालत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असे सांगितले आहे. ते वचन अश्वपालाला समजावून सांगावे लागणार नाही.

या मंडळांतही फळाची आसक्ती आहेच. फिती, चषक, पदके यांपायी तट्टाला वाजवीपेक्षा अधिक दौडविणारी मुले असतात, आणि त्यांना तसे करावयास लावणारे पालक त्याहून अधिक. पण याहून कठीण कसोटी नंतर येते. मूल वाढते, तट्टू वाढत नाही. चार-पाच वर्षांत मुलाचे पाय रिकिबीत मावेनासे होतात आणि मोठा घोडा हवासा वाटतो. जुन्या तट्टाला लहान मूल असलेले घर शोधून देणे, हा सर्वांत बरा मार्ग. पण ते वृद्ध असेल, लंगडत असेल, तर त्याला कोणी विचारीत नाही. घोडा पंचवीस-तीस वर्षेही जगतो. त्याचा उपयोग संपल्यावरही वैरण रोज लागते आणि नालबंदालाही महिन्या-दोन महिन्यांनी खूर तासावयास बोलवावे लागते. मुलाला तट्टू घेऊन देण्यास निघालेल्या पित्याने हा हिशेब पहिल्याच दिवशी मुलाला जवळ बसवून करावा, आणि मग ते विकत घ्यावे की नाही हे दोघांनी मिळून ठरवावे.