रोजकीर्द आणि खतावणी

जी वही परीक्षकाला दाखवावयाची आहे, ती प्रामाणिक राहूं शकते काय? प्रश्न लहान दिसतो. परंतु मुलांच्या शिक्षणाशीं त्याचा संबंध फार जवळचा आहे. शाळकरी मुलांचे संघ यंत्रमानव बनवून ज्या स्पर्धांत उतरतात, त्यांत १९८९ सालीं अमेरिकेंत स्थापन झालेल्या 'फर्स्ट' या संस्थेच्या स्पर्धा प्रसिद्ध आहेत. तेथें मैदानावरील खेळाखेरीज, यंत्र कसें घडलें या हकीकतीचीहि परीक्षा होते. कोणतें दांतेरी चाक बसविलें, तें कां निसटलें, मग काय बदललें, हें मुलांनीं वेळच्यावेळीं वहींत टिपावें अशी अपेक्षा असते. फसलेला प्रयोग व त्यावरून केलेली सुधारणा हीं परीक्षकांना आवडतात.

नीतीचा पेंच येथेंच आहे. अपयश सांगितल्यानें मान मिळतो हें एकदां कळलें म्हणजे अपयशहि सोयीचें वाटूं लागतें. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यांत बसून, मागील तारखा घालून, शोभिवंत चुका व त्यांचे शोभिवंत परिहार लिहून काढण्याचा मोह कोणास होणार नाहीं? फुशारकी मारणारा लौकर ओळखूं येतो. कबुलीच रचणारा ओळखूं येत नाहीं.

म्हणून वही नीटनेटकी करणें हाच खोटेपणा, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें मान्य नाहीं. आपल्या पेढ्यांवर रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. पहिलींत व्यवहार घडले त्या क्रमानें उतरत. दुसरींत तेच खात्यांप्रमाणें लावले जात. खतावणी सुबक म्हणून खोटी ठरत नाहीं. तिची प्रत्येक रक्कम रोजकीर्दींत सांपडली म्हणजे झालें. 'फर्स्ट टेक चॅलेंज' या स्पर्धेंत परीक्षकांपुढें ठेवावयाच्या सारांशास मुखपृष्ठाखेरीज १५ पृष्ठांची मर्यादा आहे. तेव्हां वेंचणें भागच आहे; पण जें रोजकीर्दींत नाहीं तें खतावणींत येऊं नये.

मिलिकन या शास्त्रज्ञानें विद्युत्कणाचा भार मोजल्याचा निबंध १९१३ सालीं छापला. त्यांत ५८ तैलबिंदूंचीं मापें असून, साठ दिवसांत तपासलेले सर्व बिंदू हेच, असें त्यानें लिहिलें. पुढें त्याच्या वह्या पाहणारांस त्याहून बरेच अधिक बिंदू आढळले. वगळलेल्या मापांनीं निष्कर्ष फारसा बदलत नव्हता. आमच्या मतें दोष निवडण्यांत नव्हता. 'सर्व' या एका शब्दांत होता. आणि तो उघडकीस आला तो रोजकीर्द शाबूत राहिली म्हणूनच.

मग ज्या संघाच्या वहींत मधलीं चार पानें कोरीं राहिलीं, त्यास गुरुजनांनीं काय सांगावें? पानें कोरींच ठेवा. फार तर आजची तारीख घालून आठवतें तेवढें लिहा. याची किंमत पडेल. शेजारच्या संघाची रंगविलेली वही कदाचित् पारितोषिक नेईल. परंतु काल जें कळत नव्हतें तें आज कळलें, यालाच शिक्षण म्हणतात. आणि मागील तारखेचा मजकूर नेमका त्या न कळण्याचाच पुरावा पुसून टाकतो. पारितोषिक पुढल्या वर्षींहि मिळवितां येईल. हा पुरावा मात्र पुन्हां लिहितां येत नाहीं.