कळलं नाही की खटकलं?

कवठे महांकाळमधल्या एका वक्तृत्व स्पर्धेत नववीतली एक मुलगी पाण्यावर बोलली. म्हैसाळ योजनेचं पाणी शिवारात यायच्या आधी आजी कुठून कुठून घागरी भरून आणायची, टँकरचा आवाज आला की गल्ली कशी धावत सुटायची, हे ती जीव ओतून सांगत होती. 'पानी' म्हणाली, 'आनलं' म्हणाली, 'न्हाई' म्हणाली. निकाल सांगताना परीक्षक म्हणाले, "मुद्दे उत्तम होते, पण उच्चारांमुळं काय बोलते तेच कळत नव्हतं." ते 'कळत नव्हतं' माझ्या डोक्यातून जायला तयार नाही. बोलणं कळलंच नसेल, तर मुद्दे उत्तम होते हे कशावरून ठरवलं?

बारा कोसांवर भाषा बदलते, प्रमाणभाषा हीही मुळात एक बोलीच, हे सगळं आपण शाळेपासून ऐकत आलोय. त्यात मी शिरत नाही. माझा मुद्दा कानाचा आहे. बोलणं न कळणं वेगळं, ते कळायला कष्ट पडणं वेगळं आणि ते खटकणं वेगळं. या तिन्हींना आपण 'कळत नाही' या एकाच पोत्यात भरतो. कॅनडात मरे मन्रो आणि ट्रेसी डरविंग या भाषा-संशोधकांनी १९९५ साली हे तिन्ही वेगळे काढून दाखवले. मातृभाषा चिनी असलेल्या लोकांचं इंग्रजी त्यांनी श्रोत्यांना ऐकवलं आणि ऐकलेलं शब्दन् शब्द लिहून काढायला सांगितलं. कित्येकांनी वाक्य बिनचूक उतरवलं आणि त्याच वाक्यापुढं 'हेल फार जड' असा शेराही मारला. म्हणजे कळलं होतं. खटकलंही होतं.

त्याच्या तीन वर्षं आधीचा डोनाल्ड रुबिन यांचा प्रयोग मला जास्त अस्वस्थ करतो. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना त्यांनी एका अमेरिकन बाईच्या आवाजातलं व्याख्यान ऐकवलं. काहींना समोर गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई बाईचा. ध्वनिफीत तीच, उच्चार तेच. तरी आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना हेल परका वाटला आणि त्यांच्या डोक्यात व्याख्यानही कमी शिरलं. नसलेला हेल त्यांच्या कानांनी तयार केला. आपल्याकडं हे काम चेहऱ्याऐवजी गावाचं नाव, शाळा, आडनाव, अंगावरचे कपडे करतात. मुलगी माईकपाशी पोचायच्या आतच अर्धं ऐकून झालेलं असतं.

परीक्षकांची बाजू घेणारे म्हणतात, सगळ्या महाराष्ट्राला कळायचं तर एक उच्चार हवाच. मला हे पटत नाही, आणि त्याला पुण्या-मुंबईतलीच साक्ष आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि आमच्या आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी कथाकथनाचे कार्यक्रम केले, तेव्हा शहरातली सभागृहं भरायची. शंकर पाटलांच्या तोंडून अस्सल ग्रामीण बोली यायची आणि ज्यांनी जन्मात नांगर पाहिला नव्हता ते पोट धरून हसायचे. अडलं कुणाला? ऐकायच्या तयारीनं आलेल्या माणसाला ती बोली पुरेपूर कळली. (त्या तिघांचं मोठेपण कबूल करूनही एक खंत राहते. ही बोली ऐकली की हसायचं, ही सवय शहरी कानांना तेव्हापासून पक्की झाली असावी. त्याच बोलीत दुष्काळ सांगितला की ते कान गोंधळतात.)

लिहायला बसलो तेव्हा 'बोलणाऱ्यानं काही म्हणजे काही बदलायचं कारण नाही' असं ठासून सांगायचं मनात होतं. ते आता तसंच्या तसं लिहवत नाही. बेदाण्याचा दर फोनवर सांगताना काय होतं ते ऐकलंय. 'ण' गेला की 'एकशे पंचावन्न' आणि 'एकशे पंच्यान्नव' एकमेकांच्या फार जवळ येतात. रेंज तुटत असते, मागं ट्रॅक्टर चालू असतो. किलोमागं चाळीस रुपयांचा फरक, म्हणजे टनाला चाळीस हजार. मुरलेला व्यापारी इथं कानावर भिस्त ठेवत नाही, "एक पाच पाच ना?" असं आकडा फोडून विचारतो. गप्पांत 'पानी' म्हटल्यानं कुणाचं काही बिघडत नाही, कारण पुढचं-मागचं वाक्य अर्थ सांभाळून घेतं. आकडा, औषधाचं नाव, अनोळखी गावाचं नाव यांना तसा आधार नसतो. तिथं स्पष्ट उच्चार लागतो. म्हणून त्या मुलीला 'ण' जरूर शिकवावा. मात्र तिच्या पाण्याच्या गोष्टीचे गुण त्यासाठी कापू नयेत.

आणि शिकवायचंच, तर ऐकायलाही शिकवावं. क्लार्क आणि गॅरेट यांनी २००४ साली दाखवलं की परक्या हेलाला श्रोता सुरुवातीला अडखळतो, पण मिनिटभराच्या आत त्याचा कान बराचसा जुळवून घेतो. ते मिनिट द्यायला तेवढी आपली तयारी हवी. चंदगड, मालवण, परभणी, भंडारा इथली माणसं गंभीर विषयावर बोलताना आमच्या पोरांनी वर्गात कधी ऐकलेली नसतात. फार लांब कशाला, शेजारच्या जत तालुक्याचं पाहा. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांवरच्या दाव्याचा विषय काढला, तेव्हा ती गावं आपलीच म्हणून सगळे तावातावानं बोलले. पण त्या भागातला शेतकरी आमच्याकडं औषधाच्या दुकानात येतो, कानडी हेलात दोन शब्द बोलतो आणि वाक्य पुरं व्हायच्या आत त्याला "हिंदीत सांगा" असं ऐकावं लागतं. तो मराठीतच बोलत असतो. द्राक्षावर फवारायचं औषध पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली घालायचं, एवढंच त्याला विचारायचं असतं.