तीन आठवड्यांचा परदेश

फ्लोरिडात २००३-०४ च्या हंगामात संत्र्यांच्या चोवीस कोटींहून अधिक पेट्या निघाल्या होत्या. २००५ साली तिथल्या बागांत सिट्रस ग्रीनिंग हा रोग सापडला आणि २०२३-२४ च्या हंगामात हा आकडा दोन कोटींच्याही खाली गेला. मधल्या काळात चक्रीवादळे आली, बागांच्या जमिनींवर वसाहती उठल्या, हे खरे. पण मुख्य घाव रोगाचा होता. ग्रीनिंग हे नाव विदर्भातल्या काटोल-नरखेडच्या संत्रा उत्पादकाला नवे नाही. पिवळी पडत जाणारी पाने, एका अंगाने वाळणारे झाड, हा डिंक्या की ग्रीनिंग की नुसती अन्नद्रव्यांची कमतरता हा संभ्रम, आणि बाग ठेवायची की काढून टाकायची ही घालमेल, हे सगळे त्याच्या रोजच्या जगण्यातले आहे. असे असताना काटोलच्या बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीने तीन आठवडे फ्लोरिडाच्या बागांत काढावेत, आणि तिथल्या मुलाने तीन आठवडे काटोलच्या शिवारात, असे कोणी सुचवले तर ते चैनीचे वाटते. मला ती शिक्षणाची गरज वाटते. मात्र एक अट आहे. मुक्काम छोटा असला तरी चालेल, पण ज्या दोन ठिकाणांमध्ये तो घडतो त्यांचे नाते वर्षानुवर्षांचे हवे, आणि त्या नात्यात यजमान गावाचा निम्मा अधिकार हवा. प्रश्न कोणते विचारायचे, शिकवायचे कोणी आणि कोणत्या दारावरून परत फिरायचे, हे त्या गावाने ठरवायला हवे.

पाश्चात्त्य विद्यापीठांत छोट्या मुक्कामाचा हा प्रकार आता रुळला आहे. अमेरिकेतून परदेशी शिकायला जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थी उन्हाळी सत्रापुरते किंवा आठ आठवड्यांच्या आतच जातात. ऑस्ट्रेलिया ‘न्यू कोलंबो प्लॅन’खाली आपली पदवीची मुले भारतासह आशियाभर पाठवते. युरोपच्या ‘इरॅस्मस’ योजनेत तर पाच दिवसांपासून तीस दिवसांपर्यंतच्या मुक्कामालाही जागा आहे. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने आंतरराष्ट्रीयीकरणाचा पुकारा केला आणि महाराष्ट्राच्या नव्या पदवी आराखड्यात क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक मिळाले. म्हणजे परदेशाशी देवाणघेवाणही कागदावर आहे आणि शिवारातला अभ्यासही कागदावर आहे. दोन्ही एकत्र आणण्याचे काम मात्र कोणाच्याच वाट्याला दिलेले नाही, आणि तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयाच्या वाट्याला तर नाहीच नाही. परदेशी विद्यापीठांचे करार होतात ते मुंबई-पुण्याच्या नामांकित संस्थांशी. काटोल त्यांच्या नकाशावर आले तर ‘नमुना’ म्हणून येते.

या बाबतीत महाराष्ट्राची कोरी पाटी नाही. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेकडील महाविद्यालयांच्या संघटनेने साठच्या दशकाच्या अखेरीस पुण्यात भारत-अभ्यासाचा कार्यक्रम सुरू केला. मुले आधी अमेरिकेतच मराठी शिकायला लागत, मग पुण्यात येऊन कुटुंबांमध्ये राहत, मराठीचे धडे चालू ठेवत आणि प्रत्येकाने एखादा विषय निवडून स्वतःचा प्रकल्प करायचा, अशी ती रचना होती. तिच्यामागे दोन बायकांचे आयुष्य उभे होते. एलिनॉर झेलियट मिनेसोटातल्या कार्लटन महाविद्यालयात इतिहास शिकवत, डॉ. आंबेडकरांच्या चळवळीवर त्यांनी प्रबंध लिहिला तेव्हा अमेरिकी विद्यापीठांत हा विषय जवळजवळ कोणाच्या गावीही नव्हता. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या मराठी बोलण्यातल्या सामाजिक भेदांवर संशोधन केले, या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे मराठी शिकवले, फलटणलाच घर केले आणि तिथे प्रगत शिक्षण संस्था उभी केली. यातून सरळ निष्कर्ष असा काढता येईल की जे टिकून राहिले तेच शिकले, आले-गेले ते कोरडेच राहिले. मला तो निष्कर्ष अपुरा वाटतो. दरवर्षी नव्या येणाऱ्या मुलांना भेटत होते ते इथे मुरलेले माणूस. कोणता प्रश्न उद्धटपणाचा ठरेल, कोणत्या घरी जेवायला नाही म्हणू नये, एखादी बाई गप्प बसली तर ते गप्प बसणे काय सांगते, हे नवख्याला तीन आठवड्यांत उमगत नाही. पण ज्याला उमगले आहे असा कोणी सोबत असेल तर नवखा त्या तीन आठवड्यांत बरेच पुढे जातो.

जामखेडचे उदाहरण याहून बोलके आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. गावातल्या बायका, बहुतेक कमी शिकलेल्या, त्यातल्या कितीतरी दलित, गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. पुढे देशोदेशीचे विद्यार्थी आणि डॉक्टर काही आठवड्यांसाठी तिथे शिकायला येऊ लागले, तेव्हा त्यांना शिकवायला याच बायका उभ्या राहिल्या. बाळंतपणात काय पाहायचे, जुलाब लागलेल्या लेकराला काय द्यायचे, जातीमुळे एखाद्या घराचे दार उघडत नसेल तर काय करायचे, हे त्यांनी सांगायचे आणि पदवीधारकांनी वहीत उतरवून घ्यायचे. इथे मुक्काम छोटाच आहे. पण त्याच्यामागे अर्ध्या शतकाचे काम आहे आणि शिकवणारी व्यक्ती गावचीच आहे, म्हणून तो नुसता दौरा राहत नाही. काटोलपासून फार लांब नसलेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत तर एमबीबीएसची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. पहिल्या वर्षी पंधरा दिवसांचे शिबिर, आणि नंतर त्याच गावात, त्याच कुटुंबांकडे दर महिन्याच्या फेऱ्या. पंधरा दिवसांचे पुढे काय करायचे हे आधीच ठरलेले असते, म्हणून ते पंधरा दिवस वाया जात नाहीत. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर आणि हे शिबिर यांतला फरक दिवसांच्या संख्येत शोधू नये. सात दिवसांच्या शिबिरानंतर गावाला आठव्या दिवशी कोणी विचारत नाही.

मग काटोलमध्ये तीन आठवड्यांत शिकण्यासारखे काय आहे? याला माझे उत्तर असे की तीन आठवडे कोणते, यावर सगळे अवलंबून आहे. आंबिया बहार घ्यायचा असेल तर डिसेंबरच्या सुमारास संत्र्याच्या झाडाचे पाणी तोडतात. याला ताण देणे म्हणतात. हलक्या जमिनीत ताण थोड्या दिवसांचा, भारी काळ्या जमिनीत लांबचा. पाने मलूल होतात, पिवळी पडतात, थोडी गळतात. झाड किती सोसेल याचा अंदाज घेऊन माणूस बागेत रोज फिरतो, मुळाशी माती उकरून ओल पाहतो, फांदी वाकवून बघतो. ताण कमी पडला तर फूल येत नाही, पालवीच येते. जास्त झाला तर झाड खचते. आणि मग एके दिवशी पाणी सोडायचे ठरते, नेमके जानेवारीत. अमेरिकेतल्या अनेक छोट्या महाविद्यालयांत, मिनेसोटाच्या सेंट ओलाफसारख्या, जानेवारीचा अख्खा महिना एकाच विषयाला दिलेला असतो आणि बाहेर जायला तोच मोकळा असतो. म्हणजे दिवसही जुळतात. त्या महिन्यात परदेशी विद्यार्थ्याने आणि काटोलच्या नबीरा महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याने जोडीने एकाच बागेतला हा एकच निर्णय अभ्यासावा. पाणी कोणी तोडले, कोणाला विचारून तोडले? काटोलच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राची शिफारस एक, कृषी केंद्रवाल्याचा सल्ला दुसरा, शेजारच्या बागेतल्या म्हाताऱ्याचे म्हणणे तिसरे. विहिरीला पाणी किती आहे? बाग झाडावरच व्यापाऱ्याला देऊन टाकली असेल तर ताणाचा निर्णय कोणाचा? घरातल्या बाईचा त्यात शब्द किती? एका निर्णयातून वनस्पतिशास्त्र, भूजल, पतपुरवठा, बाजार आणि घरातली सत्ता, सगळे हाती लागते. ‘भारतीय शेतीतील समस्या’ असल्या विषयाला तीन आठवडे हास्यास्पदच ठरतील. ताणाच्या एका निर्णयाला ते पुरतात.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. १९६८ साली मेक्सिकोतल्या एका भाषणात विचारवंत इव्हान इलिच यांनी सेवेच्या हौसेने येणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितले की तुम्ही मदत करायला येऊ नका. पाहायला या, शिकायला या. विदर्भाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. २००६ मध्ये इथल्या शेतकऱ्यांसाठी पंतप्रधानांचे पॅकेज आले तेव्हापासून शेतकरी आत्महत्या पाहायला येणाऱ्यांची रीघ लागली. नवरा गेलेल्या बाईला कर्ज किती होते, सावकाराचे किती, त्या दिवशी सकाळी काय बोलणे झाले, हे प्रश्न पत्रकाराने विचारले, सरकारी पाहणीने विचारले, संशोधकाने विचारले, मग विद्यार्थ्यांच्या गटांनी विचारले. उत्तरे कुठे गेली, त्याचा तिला पत्ता नाही. दुःख ज्ञानाचा कच्चा माल झाले आणि पक्का माल दुसरीकडे विकला गेला. हा आक्षेप मला मान्य आहे आणि कोणत्याही कार्यक्रमाची तो पहिली कसोटी असावा असे वाटते. पण त्यातून ‘म्हणून कोणी येऊच नये’ असे निघत नाही. निघते ते असे की दार कोणते उघडायचे हे गावाने ठरवावे. महाविद्यालयाने एक नोंदवही ठेवावी: कोण आले, कोणाला काय विचारले, काय लिहिले आणि त्याची मराठी प्रत गावाला मिळाली की नाही. प्रत मिळाली नसेल तर त्या विद्यापीठाची पुढची तुकडी घ्यायची नाही. लिहिलेले ग्रामसभेत वाचून दाखवायचे आणि चुकीचे आहे ते लोकांनी तिथेच सांगायचे. असे वाचन विद्यार्थ्यासाठी कोणत्याही परीक्षकापेक्षा कडक ठरेल.

ज्ञान एकाच दिशेने वाहते याची खूण काटोलच्या नावावरच आहे. २२ मे २०१२ रोजी काटोल परिसरात उल्कापाषाण पडले. त्यांना ‘काटोल’ हेच नाव मिळाले, आणि पृथ्वीच्या पोटात खोलवर असणाऱ्या ब्रिजमनाइट या खनिजाचा अभ्यास त्यांच्यावरून झाला. खरगपूर आयआयटीच्या संशोधकांचा शोधनिबंध २०२१ मध्ये जगभर वाचला गेला. यात कोणाचा दोष नाही, दगडाची तपासणी प्रयोगशाळेतच होणार. पण माणसांच्या अभ्यासाचे तसे करता येत नाही. माणसांच्या गावाचे नुसते नाव निबंधात आले म्हणून त्या गावाचे देणे फिटत नाही.

म्हणून उलटा प्रवास हवा, आणि इथेच लोक खर्चाचा मुद्दा काढतात. तीन आठवड्यांच्या विमानभाड्यात इथल्या कितीतरी मुलींचे वर्षाचे एसटी पास आणि खोलीभाडे निघेल, हे बिनतोड आहे. मुलांनी आधी गडचिरोली पाहावी, मेळघाट पाहावा, मग परदेश, हेही मी ऐकून घेतो. तरीही एक विचारावेसे वाटते: संत्र्याला परदेश चालतो, तो पिकवणाऱ्याच्या मुलीला का नाही? नागपुरी संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेश. त्या देशाने आयात शुल्क गेल्या काही वर्षांत इतके चढवले की २०२३ मध्ये ते किलोमागे ८८ रुपयांवर गेल्याचे सांगितले गेले, आणि इथे बागेत भाव कोसळला. जुन्या ढाक्यात बुढीगंगेच्या काठी बादामतली हा फळांचा घाऊक बाजार आहे. काटोलच्या वाणिज्य शाखेच्या दोन विद्यार्थ्यांनी तिथे पंधरा दिवस बसून पाहिले की आपला माल कोण घेतो, त्याच्या शेजारी कुठल्या देशाची संत्री मांडलेली असतात, शुल्क वाढल्यावर गिऱ्हाईक कशाकडे वळले, तर त्या अभ्यासाची किंमत तालुक्याला कळेल. दोन्ही देशांच्या संबंधांत ताण आला की व्हिसा सहज मिळत नाही. पण असे नाते उभे करायला वर्षे लागतात, म्हणूनच ते आजपासून मनात धरायला हवे. परदेश म्हणजे युरोप-अमेरिकाच, हा समज या निमित्ताने सुटला तर बरे.

युरोपात जायचेच असेल तर व्हॅलेन्सियाला जावे. तोही संत्र्याचा मुलूख. तिथे दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दारात शेतकऱ्यांचे पाणी-न्यायालय बसते. तुरिया नदीच्या कालव्यांवरच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी पाण्याचे तंटे तोंडी ऐकतात आणि तिथल्या तिथे निकाल देतात. वकील नाही, कागदपत्रांचे भारे नाहीत. २००९ मध्ये युनेस्कोने या परंपरेला मानवजातीचा अमूर्त वारसा मानले. वरुड-मोर्शी-काटोल-नरखेड पट्ट्यात विहिरी आटत गेल्या आणि बोअर शेकडो फूट खाली गेले. ज्याचा बोअर खोल त्याचे पाणी, असा न्याय इथे चालतो. काटोलची मुलगी त्या दारात उभी राहील तेव्हा तिला पहिला प्रश्न पडेल तो असा, की कालव्याचे पाणी डोळ्यांना दिसते, त्याच्या पाळ्या लावता येतात. जमिनीखालचे पाणी दिसत नाही, त्याच्या पाळ्या कशा लावायच्या? हा प्रश्न व्हॅलेन्सियाच्या शेतकऱ्यालाही विचार करायला लावेल. दोन ठिकाणची माणसे एकमेकांना खरोखर शिकवतात ती अशा वेळी.

पैशाची वाट अगदीच बंद नाही. समाजकल्याण विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी.साठी मिळते आणि तिने अनेक घरांचे दिवस पालटले. पदवीच्या मुलांना ती मिळत नाही. त्या शिष्यवृत्तीच्या एकाही जागेला हात न लावता तालुक्यांच्या महाविद्यालयांसाठी छोट्या मुक्कामाचा वेगळा निधी काढता येईल. आणि इथे येणाऱ्या परदेशी विद्यापीठाशी करार करतानाच कलम टाकता येईल: तुमचे जितके विद्यार्थी इथे येतील तितक्याच आमच्या विद्यार्थ्यांच्या मुक्कामाची सोय तुम्ही करायची. ज्यांना हे जड वाटेल त्यांनी दुसरा तालुका शोधावा. राहिला शिक्षकाचा प्रश्न, आणि तो मला पैशापेक्षा अवघड वाटतो. दहा-बारा वर्षे हे नाते सांभाळायला काटोलमध्येच राहणारा, पगाराची शाश्वती असलेला एक प्राध्यापक लागतो. तासिका तत्त्वावर वर्षागणिक बदलणाऱ्या माणसाकडून ती अपेक्षा कोणी करू नये. विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीय कक्षांनी करारांची यादी लांबवण्याआधी ही एक जागा भरून घ्यावी.