दोष देणे आणि दोष शोधणे

‘दोष’ या शब्दाशी मराठी माणूस तीन क्रियापदे सहज जोडतो. दोष देणे, दोष काढणे आणि दोष शोधणे. पहिले माणसाच्या वाट्याला येते, दुसरे बहुधा सुनेच्या स्वयंपाकाच्या, आणि तिसरे यंत्राच्या. पंप पाणी ओढीनासा झाला तर आपण त्याच्यातला दोष शोधतो. गडी पिकाला पाणी द्यायचे विसरला तर त्याला दोष देतो. पंपाला दोष देत बसणारा मनुष्य वेडा, हे आपल्याला कळते. परंतु गड्याच्या विसरण्याचे कारण शोधू पाहणारा मनुष्यही आपल्याला त्याहून फारसा शहाणा वाटत नाही. त्याला आपण भोळा म्हणतो. वरवर पाहता यात गैर काही नाही. माणसाला इच्छा असते, यंत्राला नसते. आणि ज्याला इच्छा आहे त्याच्यावर जबाबदारीही आहे. हे तत्त्व मला मान्य आहे. अडचण येते ती माणूस आणि यंत्र एकमेकांना चिकटून उभे असतात तेव्हा, आणि हल्ली ते बहुतेक तसेच उभे असतात.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात हळदीचे पीक मोठे. वसमतचा हळदीचा बाजार सर्वांना ठाऊक आहे. हळद काढली की ती शिजवायची, वाळवायची आणि मग जाळीदार लोखंडी ड्रमात घालून फिरवायची, म्हणजे तिची साल घासून निघते आणि अंगावर झळाळी येते. असल्या ड्रमांचे पत्रे, खिडक्यांच्या जाळ्या, अवजारांची पाती कापून देणाऱ्या एका लहानशा कारखान्यात माझा एक जुना विद्यार्थी कामाला आहे. मालकाने बँकेचे कर्ज काढून लेझरने पत्रा कापणारे यंत्र आणले आणि ते या मुलाच्या हाती दिले.

या यंत्राला ना करवत, ना छिन्नी. यटर्बियम नावाचे द्रव्य मिसळलेल्या काचेच्या तंतूत प्रकाश निर्माण होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. तंतूतूनच तो कापणाऱ्या डोक्यापर्यंत येतो, भिंगातून जाताना एका बिंदूत गोळा होतो, आणि त्याच्या जोडीला तांब्याच्या नोझलमधून ऑक्सिजनचा किंवा नायट्रोजनचा झोत सुटतो. प्रकाशाने लोखंड वितळवायचे आणि वायूने ते खाली उडवून लावायचे, अशी ही वाटणी आहे. (याच्या आधीच्या पिढीतील कापणी यंत्रे कार्बन डायऑक्साइडच्या लेझरवर चालत. तो लेझर १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ज्यांनी निर्माण केला ते सी. कुमार पटेल जन्माने बारामतीचे आणि शिक्षणाने पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे. ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांतून मुलांच्या कानी पडायला हवी होती, असे मला नेहमी वाटते.)

तर हे यंत्र बिघडले, पण मोठ्या विचित्र रीतीने. सकाळी सुरू केले की पहिला तासभर काप अगदी स्वच्छ. मग हळूहळू पत्र्याच्या खालच्या कडेला वितळलेल्या लोखंडाचे थेंब गोठू लागत. ठिणग्या खाली जायच्या त्या वर उसळत. दुपारपर्यंत पत्रा धड कापलाही जात नसे. रात्रभर बंद ठेवून दुसऱ्या दिवशी लावले की पुन्हा सारे ठीक. मालकाचे निदान तयार होते. सकाळी मी स्वतः समोर उभा असतो, म्हणून काम नीट होते. मी बँकेत नाहीतर गिऱ्हाइकाकडे गेलो की पोरगा मोबाइल घेऊन बसतो. पंधरा दिवस पत्रे वाया गेले, आणि त्यांची किंमत मुलाच्या पगारातून कापायची असे ठरले. मालकाच्या आईचे मत निराळे होते. खंडेनवमीला यंत्राची पूजा झाली तेव्हा कोणीतरी फार डोळे भरून त्याच्याकडे पाहिले होते, असे तिचे म्हणणे. तेव्हापासून यंत्रावर लिंबू-मिरची लटकत होती. मला ही दोन्ही मते सख्ख्या बहिणींसारखी वाटतात. एक म्हणते, कोणीतरी केले. दुसरी म्हणते, कोणाची तरी नजर लागली. काच उघडून पाहायला दोघीही तयार नाहीत.

आणि मालकाच्या निदानात तर्काची उणीव होती असे तरी कसे म्हणावे? सकाळी नीट, दुपारी वाईट. सकाळी मालक हजर, दुपारी गैरहजर. याहून सरळ अनुमान ते कोणते!

पुण्याहून कारागीर आला त्या दिवशी शाळेच्या फाटकाच्या जाळीचे माप घेऊन मीही तिथे गेलो होतो. त्या मनुष्याने ‘कोणी केले’ हा प्रश्न एकदाही विचारला नाही. त्याचे प्रश्न सगळे ‘केव्हा’ आणि ‘कसे’ या जातीचे. केव्हापासून होते? सुरू केल्यावर किती वेळाने? उभ्या कापात आणि आडव्या कापात सारखेच होते का? नोझलच्या तोंडावर चिकटपट्टी लावून त्याने लेझरचा एकच ठोका सोडला आणि पट्टीला पडलेले भोक बरोबर मधोमध आहे की नाही ते पाहिले. मग वायूचा दाब पाहिला, मग थंड पाण्याचे तापमान. एका वेळी तो एकच गोष्ट हलवीत होता. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुधारले, तर ते कशाने सुधारले हे कधीच कळत नाही, असे त्याने मला समजावले. शेवटी त्याने भिंगाखालची संरक्षक काच बाहेर काढून उजेडात तिरपी धरली. तिच्यावर बारीक ओरखडे होते आणि एक काळा ठिपका. स्वच्छ काचेतून प्रकाश पार निघून जातो. मळलेली काच त्यातला थोडा पिऊन तापते, आणि तापलेल्या काचेतून जाताना प्रकाशाचा बिंदू आपली जागा सोडतो. सकाळी काच थंड असे म्हणून काप स्वच्छ येई. मालकाच्या उभे राहण्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

पण काच मळली कशी? मुलगा गप्प. मालक फोन घ्यायला बाहेर गेला तेव्हा तो बोलला. काच पुसायचे द्रव आणि खास कागद संपले होते. दोनदा मागितले, तेव्हा ‘तुझ्या पगारातून आणू काय?’ असे उत्तर मिळाले. म्हणून त्याने ती आपल्या रुमालाने पुसली होती. नवी काच बसवली आणि यंत्र दिवस मावळेपर्यंत बिनतक्रार चालले. हकीकत कळल्यावर मालक म्हणाला, “म्हणजे दोष याचाच. मी पहिल्यापासून काय म्हणत होतो?”

मालकाचे हे वाक्य खोटे म्हणता येत नाही, आणि ते खरेही नाही. त्याने मोबाइलवर ठेवलेला ठपका योगायोगाने रुमालावर जाऊन बसला, एवढेच. मुलाला त्याने पंधरा दिवसांपूर्वी काढून टाकले असते, तर काच तशीच राहिली असती आणि त्याच्या जागी आलेला मुलगाही दुपारी आळशी ठरला असता. गुन्हेगार सापडला की माणसाचे मन स्वस्थ होते, आणि मन स्वस्थ झाले की पाहणे थांबते. शिवाय काचेची हकीकत पहिल्या दिवसापासून एकाच माणसाला ठाऊक होती, आणि दोष देण्याच्या रीतीने त्याच माणसाचे तोंड बंद केले होते. वर्गात हे मी रोज पाहतो. गणित चुकले की मूल आधी खोडरबर शोधते. मास्तरांनी पाहण्याआधी चूक नाहीशी झाली पाहिजे! माझ्या वर्गात चुकलेल्या गणितावर एकच आडवी रेघ मारायची आणि खालचे सगळे वाचता आले पाहिजे, असा नियम आहे. वजाबाकीत हातचा कुठे निसटला हे खोडलेल्या पाटीवर कसे दिसणार?

आमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या परिसरात, लेझरचे आणखी एक यंत्र यायचे आहे. ते काही कापणार नाही. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून जाणारा लेझरचा प्रकाश, आणि आकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरीने त्या भुजांच्या लांबीत पडणारा फरक मोजायचा. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या दहाहजाराव्या भागाइतका सूक्ष्म असू शकतो. या लायगो-इंडिया प्रकल्पाला २०१६ साली तत्त्वतः आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये २६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी मिळाली. असली दोन यंत्रे अमेरिकेत आधीपासून आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी त्यांच्यावर पहिली लहर उमटली, तेव्हा तिथल्या लोकांनी पेढे वाटले नाहीत. हा यंत्राचाच दोष नसेल ना, असे त्यांनी आधी विचारले. जगाला बातमी सांगितली ती ११ फेब्रुवारी २०१६ ला. आमच्याकडे निकाल वाईट लागला की चौकशी होते. सगळी मुले पास झाली तर चौकशी केल्याचे मी अद्याप ऐकलेले नाही.

त्यांपैकी हॅनफर्डच्या यंत्रात २०१७ साली एक खोटा आवाज येऊ लागला. शोध घेता घेता तो द्रवरूप नायट्रोजनच्या नळीपाशी पोचला. थंड नळीवर बर्फ साचत होता आणि त्या बर्फावर चोचीच्या खुणा होत्या. तो मुलूख कोरडा, दिवस उन्हाळ्याचे. तहानलेले डोमकावळे बर्फ टोचीत होते. ज्या कावळ्याने मडक्यात खडे टाकून पाणी वर आणले म्हणून आपण त्याला पहिलीच्या वर्गात शहाणा ठरवतो, त्याचीच ही भावंडे. तिथल्या लोकांनी कावळ्यांना गोळ्या घातल्या नाहीत. बर्फ साचू नये असा बंदोबस्त नळीला केला आणि आवाज थांबला.

औंढ्याचे नाव निघाले की मला नामदेव आठवतात. ते आमच्या नर्सीचे. गोरोबाकाकांच्या घरी संत जमले असता मुक्ताबाईंच्या सूचनेवरून काकांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके तपासले, नामदेव चिडले, आणि हे मडके कच्चे ठरले, ही आख्यायिका सर्वांच्या तोंडी आहे. कीर्तनात या ठिकाणी हशा पिकतो. माझ्या मनात मात्र प्रत्येक वेळी एक आगाऊ प्रश्न येतो: मडके कच्चे राहिले तर तो दोष मडक्याचा की भट्टीचा? हा प्रश्न गोरोबांइतका दुसऱ्या कोणाला कळला असता? कुंभार कच्च्या मडक्यावर रागावत नाही. आच कुठे कमी पडली ते पाहतो. कथाही तिथे थांबत नाही. नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, आणि पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या विसोबांनी त्यांना ‘तू कच्चा’ असे पुन्हा सांगितले नाही. जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव, म्हणाले. नामदेवांना स्वतःच जागा शोधावी लागली.

हे सगळे मी मालकाला सांगितले. तो ऐकून हसला. “मास्तर, कावळ्याला हप्ता भरायचा नसतो,” तो म्हणाला. “कारण सापडले, ठीक. वाया गेलेले पत्रे कोणी भरायचे?”

हा प्रश्न खरा आहे, आणि कारणे शोधणारी सज्जन माणसे तो नेहमी टाळतात. कारण समजले म्हणून नुकसान भरून येत नाही. काच रुमालाने पुसू नये हे मुलाला शिकवलेले होते. त्याला इच्छा होती, हातही त्याचाच होता. त्याच्याकडे काहीच येत नाही असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे म्हणजे त्याला पंपाच्या रांगेत बसवणे. पण हिशेब करायचाच तर तारीखवार करावा. पहिल्या दिवशीचा पत्रा रुमालामुळे गेला. तो मुलाच्या खाती लिहा. उरलेल्या चौदा दिवसांचे पत्रे रुमालामुळे गेले नाहीत, ते तो बोलला नाही म्हणून गेले. आणि त्याच्या न बोलण्यात दोनदा मागितलेल्या बाटलीचा आणि त्यावर मिळालेल्या उत्तराचा वाटा किती, तो मालकाने आपल्याच वहीत मांडावा.

मालकाने गणित शांतपणे ऐकून घेतले. चहा मागवला. मग ठरलेली सगळी रक्कम त्याने एका महिन्याऐवजी दोन महिन्यांत कापली.