कुंपणाबाहेर गेलेली जास्वंद



गेल्या रविवारी मिस्सानंतर काही जणांनी माझ्याकडे तक्रार केली. चर्चच्या आवारातली जास्वंद कुंपणाबाहेर वाढली आहे, लोक पहाटेच फुले तोडून नेतात, तेव्हा उंच जाळी लावावी. आपल्या कळंबला चिंतामणीचे देऊळ आहे आणि गणपतीला लाल जास्वंद वाहतात, त्यामुळे ती फुले कुठे जातात हे सर्वांना ठाऊक आहे. रागाचे खरे कारणही तेच असावे.

जाळी लावण्याआधी आपण झाडाकडे पाहू या. जास्वंदीचे फूल सकाळी उमलते आणि बहुधा संध्याकाळी मिटते. राखून ठेवले तरी ते उद्याला उरत नाही. येशूने रानातल्या ज्या फुलांकडे बोट दाखवले (मत्तय ६), तीही अशीच होती, आज आहेत, उद्या नाहीत.

कळ्या येतात त्या नव्या फांदीवर. म्हणून राखेच्या बुधवारच्या सुमारास, ऊन तापण्याआधी, मी झाड छाटतो. एक मावशी दरवर्षी हळहळतात, पण छाटले नाही तर खाली नुसते लाकूड आणि शेंड्याला चार फुले राहतात. युरिया जास्त झाला तर पाने हिरवीगार होतात, फुले मात्र कमी. (मला त्यात कधी कधी आपला धर्मग्राम दिसतो.)

आपली काळी जमीन पावसात पाणी धरते, मुळे कुजतात. म्हणून वाळू आणि शेणखत मिसळून उंचवट्यावर लावावी. मे महिन्यात पाणी चुकले की कळ्या गळतात. आणि पिठ्या ढेकूण! कपाशी, भेंडी, जास्वंद एकाच कुळातली, त्यामुळे तो एकीवरून दुसरीवर जातो, हे आपल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. लागलेला शेंडा कापून नष्ट करावा. झाडाचा खरा शत्रू हा, आणि त्याला कोणतीही जाळी अडवत नाही.

फुले नेणाऱ्या एका आजींना मी थांबवले. त्या घाबरल्या. म्हटले, आजी, फुले न्या, फक्त फांदी ओरबाडू नका. आता त्या दोन बोटांनी हळूच खुडतात आणि जाताना बादलीभर पाणी घालतात.

जाळी लावणार नाही. पाऊस सुरू झाला की पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर फांद्या कापून ठेवीन. ओल्या मातीत त्या मुळे धरतात. प्रत्येक घराने दोन न्याव्यात, एक आपल्या अंगणात आणि दुसरी शेजारच्या.