शोकाला मुदत कोणी घालावी?

नवऱ्याचे दिवस झाले, वर्षश्राद्ध झाले, तरी बाईच्या डोळ्यांचे पाणी खळत नाही. म्हणजे तिचा मोह सुटला नाही, असे आपण सहज बोलून जातो. सज्जनहो, जरा थांबावे. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट मुंबईहून रेवसला जाताना बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. ज्या बाईला धन्याचा देहही दिसला नाही, अग्नी देता आला नाही, तिने शोक संपवायचा कुठे? दाराची कडी वाजली की मन उठणारच.

आपण खानदेशची माणसे तरी निराळे काय करतो? तापीकाठी विजेच्या लोळात मुक्ताई गुप्त झाली, मागे देह उरला नाही, असे परंपरा सांगते. सातशे वर्षे लोटली. तरी दर आषाढीला मुक्ताईनगरहून तिच्या पादुका घेऊन आपण पंढरीला चालतोच ना? त्याला कोणी मोह म्हणत नाही. फरक एवढाच, की आपण आठवण घेऊन चौघांत चालतो. ती एकटी बसते.

तेव्हा 'विसर बाई' म्हणू नये. विसरणे म्हणजे वैराग्य नव्हे. तिला दिंडीत घ्यावे, आणि तिने धन्याचा विषय काढला तर उठून न जाता ऐकावे.